लाल बुचाची नळी

त्या दिवशी ओहोटी साडेपाचला होती, म्हणून खेकड्याचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू झाला. चिखलातून तिरका चालायचा, म्हणून हे नाव. बायको सोडून गावात सगळे त्याला तसंच म्हणत.

खाडीच्या चिखलाचे नमुने नळ्यांत भरून काढायचं त्याचं काम. मीटरभराची नळी हातोड्यानं ठोकायची आणि मांडीपर्यंत रुतून कमरेच्या जोरावर उपसायची. ठोकायला दहा मिनिटं, उपसायला चाळीस. खालच्या तोंडाशी लोंबणारा चिखल तो सुरीनं तिरका कापी. मग वरच्या तोंडाला लाल बूच, खालच्या तोंडाला काळं. बारा वर्षांत चूक नाही.

नळ्या प्रयोगशाळेतल्या बाईंकडे जात. त्यांनी एकदा समजावलं होतं, "काका, या चिखलात डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांची कवचं असतात. रोज भरती पोचते तिथली जात वेगळी, फक्त उधाणाला पोचते तिथली वेगळी. कुठल्या थरात कोण आहे ते मोजलं, की तेव्हा पाणी किती वर होतं ते कळतं."

त्याला स्वतःच्या दाराशी येणाऱ्या पाण्याचं जाणून घ्यायचं होतं. घर खाडीकाठी. दोन वर्षं उधाण स्वयंपाकघरात येत होतं. बायको म्हणे, घर सोडूया. तो मजुरी साठवत होता, जोतं हातभर उचलायला. बाईंना विनवून त्या पहाटे त्यानं परसामागची नळी काढली. बोटं बधिर झाली होती, भरतीचं पाणी चढू लागलं होतं. घाईघाईत बुचं लावली.

तीन आठवड्यांनी बाई म्हणाल्या, "बाकीच्या नळ्यांशी जुळत नाही, पण तुमच्याकडचं पाणी उतरलेलं दिसतंय."

तो धावतच घरी गेला. "अगं, पाणी उतरतंय!"

"कवचांनी सांगितलं वाटतं?"

"हो."

"मग म्हणावं, जाता जाता स्वयंपाकघरही पुसून जा." म्हणाली आणि खळखळून हसली. दोन वर्षांनी हसली. त्यानं लगेच गवंड्याला सोमवार सांगितला.

शनिवारी नव्या नळ्या पोचवायला तो गेला. परसामागची नळी टेबलावर उभी चिरून ठेवली होती. लाल बुचाच्या बाजूचा चिखल तिरका कापलेला. काप त्याच्याच सुरीचा.

तो उभाच राहिला. हे दुसऱ्या कुणाला कळणार नव्हतं. बायकोचं हसू कानात होतं. गप्प बसायचं, एवढंच करायचं होतं.

"बाई, नळी उलटी आहे."

"कशावरून?"

"काप माझा. तो खालीच असतो. बुचं चुकली."

बाईंनी आपले कागद उलट्या क्रमानं लावले. बराच वेळ पाहिले. "आता सगळ्या नळ्या जुळल्या. काका, तुमच्या जन्मापासून पाणी वीतभर चढलंय. आणि वेग वाढतोय."

"जोतं हातभर उचललं तर?"

बाई भिंगाची काच पुसू लागल्या. पुसलेलीच पुन्हा पुसली.

"गवंडी किती वाजता येतोय?" घरी बायकोनं विचारलं.

"येत नाही."

तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. फळीवरचे डबे एकेक करून खाली उतरवू लागली.

बारा वर्षं त्यानं कमरेनं चिखल उपसला. त्या मजुरीतून टेकडीवरच्या एका भाड्याच्या खोलीची अनामत भरली गेली. खोलीला खिडकी एकच. खाडीकडे पाठ असलेली. खोली बायकोनं मुद्दाम तशीच पाहून घेतली होती.