लक्ष्मय्याचा कोट

इतिहास आपल्या माणसांना कधी विसरत नाही. अंबादास गेल्याची बातमी मला सकाळी दूधवाल्यानं दिली, ती अशी : "तुमचा तो पिच्चरवाला म्हातारा गेला की." उभा जन्म गिरणीत माग चालवलेल्या माणसाची शुक्रवार पेठेत शेवटी एवढीच ओळख उरली होती, आणि तीही त्यानं न काढलेल्या चित्रपटामुळं.

त्या चित्रपटाचं नाव मी इथं देत नाही, भिंतीवरच्या जाहिराती त्याला पुरेशा आहेत. सोलापुरातल्या तीस सालच्या मार्शल लॉवरचा तो थरारपट. त्यात बॉम्ब आहेत, तळघर आहे, घोड्यावरचा गोरा साहेब आहे आणि क्रांतिकारकांच्या बातम्या चौकीत पोचवणारा एक फितूर आहे. आमच्या गल्लीत तळघर नव्हतं, पण गोळ्या होत्या. त्यातल्या एका गोळीनं अंबादासचा थोरला भाऊ लक्ष्मय्या मेला. अंबादास त्याला तेलुगू रिवाजाप्रमाणं अन्ना म्हणायचा. मी आणि अंबादास तेव्हा शाळेत जाणारे, शेजारी राहणारे. लक्ष्मय्या घरातल्या हातमागावर बसायचा. खळ लावलेलं सूत वाळण्यासाठी गल्लीत लांबच लांब ताणून ठेवायची विणकरांची रीत. संचारबंदी पुकारली तेव्हा त्यांचं सूत बाहेरच राहिलं होतं. ते तसंच राहिलं असतं तर वाया गेलं असतं. अन्ना ते गुंडाळायला उतरला आणि गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या गोऱ्या सोजिरानं त्याला गोळी घातली. मी दाराच्या फटीतून पाहिलं ते एवढंच... रस्त्यावर पसरलेलं सूत, आणि त्यात अडकलेला त्याचा पाय. हुतात्म्यांत त्याचं नाव कधी आलं नाही, कारण सूत गुंडाळणं ही काही चळवळ नव्हे. पण त्याच्याबद्दल वाईटही कोणी बोललं नाही. अंबादासला तेवढं पुरत होतं.

मग मुंबईहून चित्रपटाचे लेखक आले. खादीचा झब्बा, काळा चष्मा, आणि संशोधनासाठी राखून ठेवलेली एक दुपार. मार्शल लॉत घरचं माणूस गेलेलं एक कुटुंब अजून पेठेत आहे, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. अंबादासनं त्यांना चहा दिला, भावाची सगळी हकिगत सांगितली, आणि वर भिंतीवरचा त्याचा एकुलता एक फोटोही काढून दिला. फोटोत लक्ष्मय्या साहेबी कोट घालून, हातात हॅट धरून, पितळी कुंडीशेजारी उभा आहे. आता हा कोट काय होता, ते आमच्या पिढीच्या सोलापूरकरांना सांगायला नको. तो फोटो स्टुडिओचा कोट. लग्न ठरलं की मुलगा फोटो काढायला जायचा, स्टुडिओवाला खुंटीवरचा कोट अंगात चढवायचा, सैल झाला तर पाठीमागून टाचण्या लावायचा. माझ्या वडिलांचा फोटोही त्याच कोटात आहे, हॅट तीच, कुंडी तीच. पेठेतल्या निम्म्या पुरुषांनी तो एक कोट आयुष्यात एकेकदा घातला आहे. अंबादासला हे सांगावंसं वाटलं नाही. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट कोण सांगतं? मुंबईच्या लेखकांनी फोटो उजेडात धरला आणि विचारलं, "विणकराच्या अंगावर असा कोट?" अंबादास अभिमानानं म्हणाला, "व्हय, अन्ना लई रुबाबदार होता!"

पहिल्या खेळाला अंबादासला सन्मानानं बोलावलं. शाल, नारळ, पुढचा सोफा. 'सत्य घटनेचे साक्षीदार' अशी त्याची ओळख करून देण्यात आली, आणि मी शेजारी बसलो होतो म्हणून मलाही एक गुच्छ मिळाला. अर्ध्या तासानं पडद्यावर तो कोट आला. टाचण्या नव्हत्या, अंगासरसा शिवलेला होता. हातात हॅट. अंधाऱ्या बोळातून चौकीत शिरणारा तो माणूस वळला, आणि गोरा साहेब म्हणाला, "ये, लक्ष्मय्या!" मागच्या बाकांवरून शिट्ट्या आणि शिव्या सुरू झाल्या. शेवटी नायक त्याला मागाच्याच दोरीनं गळा आवळून मारतो तेव्हा टाळ्या पडल्या, पडद्यावर चप्पल फेकली गेली. अंबादासनं माझा हात धरला होता.

मध्यंतरातच त्यानं दिग्दर्शकांना गाठलं होतं. "साहेब, नाव तेवढं बदला. दुसरं काय बी ठेवा की."

दिग्दर्शक सौजन्यमूर्ती होते. "काका, ते पात्र काल्पनिक आहे. सुरुवातीला तशी पाटी टाकलीय आम्ही."

"मग बाहेर सत्य घटना लिवलंय ते?"

"घटना सत्य आहे. पात्र काल्पनिक आहे."

म्हणजे गोळी खरी, मेला तो खोटा. नाव बदलायचं तर आवाज पुन्हा भरावे लागतील, प्रती तर गावोगाव गेल्यात, असं त्यांनी समजावून सांगितलं. फोटो मुंबईच्या कचेरीत आहे, धाडून देऊ, असंही म्हणाले. तो आलाच नाही.

त्यानंतर अंबादासनं जे केलं त्याला लोक वेड म्हणाले. तो रोज संध्याकाळी पुढच्या बाकाचं तिकीट काढून आत बसू लागला. कोट पडद्यावर आला की शेजारच्या माणसाला हळूच सांगायचा, "तो असा नव्हता. सूत गुंडाळायला गेलता." शेजारी म्हणायचे, "गप की बे म्हाताऱ्या, पिच्चर बघू दे!" एकदा कोणीतरी ओरडलं, "फितुराचा भाऊ आलाय बघा!" तेव्हापासून काही प्रेक्षक त्यालाच पाहायला येत. दारावरचे बाबूमियाँ जुने ओळखीचे. ते त्याला बाजूला घेऊन म्हणायचे, "चाचा, कायकू रोज आते? लोगां हसरे." अंबादास म्हणायचा, "एकाला तरी पटंल की मियाँ." एकालाही पटलं नाही. मी एकदा वर्तमानपत्राला कोटाची सगळी हकिगत लिहून पाठवली. संपादकांनी ती छापली, पण 'मनोरंजन' या सदरात. वाचून लोक हसले, आणि त्या आठवड्यात खेळाला गर्दी वाढली, असं बाबूमियाँनी मला जड मनानं सांगितलं.

मग एकाएकी त्याचं जाणं थांबलं. मी घरी गेलो तर तो भिंतीकडे तोंड करून पडलेला. फोटोच्या जागी चुन्याचा पांढरा चौकोन होता.

"काय बे, जात न्हाईस हल्ली?" मी त्याच्याच बोलीत विचारलं.

भिंतीकडेच पाहत तो म्हणाला, "अन्नाचं तोंड आठवंना बे. डोळे मिटले की तो नटच येतो. चौकीत शिरताना दिसतो."

"तू रोज पाहिलंस म्हणून."

"खरं सांग. तो कोट स्टुडिओतलाच होता न्हवं?"

"अरे, माझ्या बापानं घातलाय तो!"

"आन अन्ना चौकीत कदी गेला नव्हता?"

"नव्हता गेला."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, हेच जास्त वाईट होतं. "तू दोस्त हायस," तो म्हणाला, "तू तेच म्हणणार."

लक्ष्मय्याला ओळखणारी आम्ही दोनच माणसं उरलो होतो. त्यातल्या एकाला त्या दिवशी चित्रपट पटला. नंतर तो या विषयावर बोललाच नाही. मी वडिलांचा फोटो काढून त्याच्याकडे नेला, कोट, हॅट, कुंडी बोटानं दाखवली. त्यानं मान डोलावली, परक्या घरातले फोटो पाहताना पाहुणा डोलावतो तशी. डॉक्टरांनी मृत्यूचं कारण हृदयविकार लिहिलं आहे. माझी त्याला हरकत नाही.

स्मशानात फारसं कोणी नव्हतं. बाबूमियाँ आले होते, दुपारचा खेळ सुटायच्या आत परत गेले. मी काही बोलावं असं कोणीतरी सुचवलं. लक्ष्मय्या फितूर नव्हता, हे मी तिथं सांगितलं. लोकांनी ते, अशा प्रसंगी मृताच्या घरच्यांबद्दल चांगलंच बोलायचं असतं, अशा समजुतीनं ऐकून घेतलं.

त्याच आठवड्यात सरकारनं चित्रपट करमुक्त केला. नव्या पिढीला खरा इतिहास कळावा, हा हेतू. शाळांनी वर्गच्या वर्ग रांगेनं नेले. अंबादासची नात सहावीत आहे. सुतकामुळं ती जाऊ शकली नाही. राहिलेल्या मुलींसाठी शाळेनं येत्या शनिवारी सकाळचा खेळ ठेवला आहे. हजेरी सक्तीची आहे.