गिदोन मिस्त्रीच्या होडीतलं सोनं

नेवाशाच्या बाजारात ही गोष्ट पहिल्यांदा कुणाच्या तोंडून निघाली ते आता कुणीच कबूल करणार नाही. पण निघाली ती भाजीच्या पाट्यांमधूनच. गंगेपलीकडचा, म्हणजे गोदावरीच्या पल्याडच्या निजामाच्या मुलखातला कुणी मातबर जमीनदार गडबडीच्या दिवसांत अलीकडे निसटला म्हणे, आणि त्यानं आपलं सगळं सोनं गिदोन मिस्त्रीच्या हवाली केलं म्हणे. गिदोननं ते आधी प्रवरेच्या डोहात दडवलं, मग होडी बांधली आणि तळाच्या फळ्यांखाली ठोकून बसवलं. पुरावा काय? तर त्याची होडी रिकामी असली तरी पाण्यात पार खाली बसायची. रिकामी होडी कधी इतकी खाली बसते का? हे सांगताना केशरबाई माळीण आवाज इतका बारीक करायची की ऐकणाऱ्या बाईला पाटीवर ओणवं व्हावं लागे, आणि तेवढ्यात तिच्या पिशवीत चार किडकी वांगी जाऊन पडत.

गिदोन होता नदीकाठच्या ख्रिस्ती वस्तीतला. उंच, वाळका, जरा पोक काढून चालणारा. मिशनच्या सुतारशाळेत शिकलेला, त्यामुळे हातात सफाई होती. वस्तीच्या देवळातली बाकं त्याची, शाळेतले फळे त्याचे, आणि वस्तीत कुणी प्रभूघरी गेलं की पेटीही त्याचीच. पण गावचा पिढीजात सुतार होता सहादेव. बैलगाड्या सगळ्या त्याच्याकडे. हा सहादेव गिदोनला कधी मिस्त्री म्हणाला नाही, ‘बाकडेवाला’ म्हणायचा. चारचौघांत म्हणायचा आणि वर तंबाखू मळत हसायचा. गिदोन ऐकून घ्यायचा, पण घरी येऊन भाकरी अर्धी ठेवायचा. त्याची बायको दया त्या उरलेल्या भाकरीवरून ओळखायची की आज सहादेव भेटला होता.

लढाईच्या दिवसांत नगरच्या छावणीतला एक गोरा कप्तान मासेमारीच्या नादानं नेवाशाला यायला लागला. भोयांच्या नावेत बसला आणि दोनदा पाण्यात पडला. मग त्यानं कारागीर शोधला, वस्तीच्या देवळातल्या पाळकसाहेबांनी गिदोनचं नाव सांगितलं. कप्तानानं वाळूत काठीनं होडी काढून दाखवली: तळ परातीसारखा सपाट, दोन्ही टोकं वर उचललेली, पाण्यावर नुसती टेकणारी. लाकूडही त्यानंच छावणीतून आणलं, चांगलं जुनं सागवान. गिदोननं होडी अशी बांधली की ती गुडघाभर पाण्यातून खडकांना न शिवता जायची.

आणि मग ते रविवार. प्रवरेला पाणी असेतो, पाऊस सरल्यापासून दिवाळीच्या पुढंमागंपर्यंत, कप्तान पुढच्या टोकाला गळ घेऊन उभा आणि वल्ह्यांवर गिदोन. ही होडी चालवायची तऱ्हाच निराळी. सगळे नावाडी पाठमोरे बसून वल्ही ओढतात. हा नदीच्या धारेकडे तोंड करून बसायचा आणि वल्ही उलटी मारून होडीला मागं धरायचा. पाणी पुढं धावतंय, होडी त्याच्याबरोबर जातेय, पण पाण्यापेक्षा सावकाश. म्हणजे साहेबाचा गळ पुढच्या डोहात होडीच्या आधी पोचायचा आणि माशाला होडीचा सुगावा लागायचा नाही. वांब लागायची, मरळ लागायची, एखादा मोठ्या खवल्यांचा लागला की साहेब वेड्यासारखा नाचायचा. असं वाहत वाहत, प्रवरा गंगेला मिळते त्या टोक्याच्या संगमाला जायचं आणि होडी बैलगाडीत घालून परत यायचं. गाडी अर्थात सहादेवनं केलेली. त्या गाडीत आपली होडी आडवी पडलेली बघून गिदोनला काय वाटायचं ते विचारायला नको.

देवळात पाळकसाहेब दर रविवारी शब्बाथ, म्हणजे देवाचा विश्रांतीचा दिवस, मोडणाऱ्यांवर बोलायचे, आणि सगळ्यांच्या माना दयेकडे वळायच्या. ती पदर सारखा करून समोर बघायची. पण तिनं त्याला नदीवर जाऊ नका असं एकदाही म्हटलं नाही, कारण त्या दिवसांत भाकरी अर्धी राहत नव्हती.

लढाई संपली. कप्तान गेला, जाताना होडी ट्रकवर चढवून घेऊन गेला. लाकूड त्याचं होतं, होडी त्याची होती, बोलायला जागा नव्हती. ट्रक दिसेनासा झाल्यावरही गिदोन तिथंच उभा होता. त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात एकच गोष्ट: आपली स्वतःची होडी बांधायची. नेवाशाचे वकील, बेलापूरच्या कारखान्याचे साहेब लोक, हौशी माणसं तिच्यात बसवून संगमापर्यंत न्यायची. आणि सहादेवच्या तोंडून बाकडेवाला हा शब्द कायमचा काढून टाकायचा.

सागवान मिळणं शक्य नव्हतं. मच्छिंद्र भोई, जो गिदोनचा त्यातल्या त्यात मित्र, त्यानं आंब्याचं लाकूड घे म्हणून सांगितलं. गिदोनला ते हलकं वाटलं, म्हणजे वजनाला नाही, इभ्रतीला. आंब्याचं लाकूड कुणीही वापरतो. टिकाऊ लाकूड म्हणजे बाभूळ. सहादेव गाड्यांना बाभूळच लावायचा. दयेच्या वाट्याच्या तुकड्यात बांधावर एक मोठी बाभूळ होती, तिच्या शेंगांवर दयेच्या शेळ्या जगायच्या. गिदोननं ती मागितली. दया म्हणाली, न्या, पण पहिली फेरी माझी. संगमापर्यंत.

बाभूळ पडली. आता गाडीचं लाकूड करायचं तर ओंडके पाण्यात टाकून मुरवावे लागतात, म्हणजे त्याला कीड लागत नाही, हे सगळ्या मुलखाला ठाऊक. गिदोननं ओंडके डोहात टाकले, वर दगड ठेवले. सहादेव चार-सहा महिने मुरवायचा, यानं वर्षभर मुरवले, नावं ठेवायला जागा नको म्हणून. रोज संध्याकाळी छातीइतक्या पाण्यात उतरून तो ओंडके जागेवर आहेत का ते पायानं चाचपायचा. काठावरून बघणाऱ्यांना दिसायचा तो एवढाच: पाण्यात उभा असलेला, कुणाशी बोलत नसलेला, पायानं काहीतरी शोधत असलेला माणूस.

सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात ओंडके काढले, कापले, आणि पाऊस डोक्यावर आला म्हणून पुरते वाळायच्या आत फळ्या जोडल्या. काम असं देखणं की सांध्यात सुई जायची नाही. पूर ओसरल्यावर होडी पाण्यात लोटली. दया ठरल्याप्रमाणे पहिली बसली, नवं लुगडं नेसून. गिदोन बसला. होडी खाली गेली, आणखी खाली गेली, आणि तिचा काठ पाण्याच्या वर जेमतेम चार बोटं राहिला.

“अवो,” दया हळूच म्हणाली, “ही बुडतीया काय?”

“बसतीया,” गिदोन म्हणाला. “नवी हाय.”

ती संगमापर्यंत गेलीच नाही. पहिल्याच वळणाशी धारेत होडी वल्ह्यांना जुमानेना. कप्तानाची होडी दोन बोटांवर थांबायची; ही म्हणजे उतारावर सुटलेली भरली गाडी. कशीबशी काठाला लावली. काठावर मच्छिंद्र जाळं सुकवत होता. त्यानं होडीभोवती एक चक्कर मारली, फळीवर बोटानं टकटक केलं आणि गंभीर तोंड करून विचारलं, “गिदोनभाऊ, हिला बैल कुठं जुपायचं?”

मच्छिंद्र हे कुणाला सांगणारा नव्हता. त्यानं सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

कारण त्याच पावसाळ्यानंतर गंगेपलीकडून माणसं बोचकी घेऊन अलीकडे यायला लागली, पलीकडच्या बातम्या वाईट होत्या, आणि बोचक्यांत काय आहे याचा हिशोब अलीकडचे लोक मनातल्या मनात करत होते. कुणाला तरी रिकामी असून खोल बसलेली ती होडी दिसली. मग कुणाला तरी डोहात पायानं चाचपणारा गिदोन आठवला. दोन्हींची गाठ केशरबाईच्या पाटीवर मारली गेली. पुढच्या उन्हाळ्यात पाणी आटलं तेव्हा उन्हानं फळ्या तडकू नयेत म्हणून गिदोननं होडी दगड भरून डोहात बुडवून ठेवली. सगळ्या नावा अशाच ठेवतात, भोयांच्यासुद्धा. पण भोयांच्या नावांकडे कोण बघतंय.

गिऱ्हाईक एकही आलं नव्हतं. वकील काठावरून होडी बघून परत गेले. खुरपणीला मजुरीनं जाणाऱ्या दयेला मात्र लोक मळ्यांतून परत पाठवायला लागले. तुला काय कमी बाई, ज्याला गरज आहे त्याला येऊ दे की, असं गोड बोलून. देवळाचे पत्रे गळत होते, तेव्हा पाळकसाहेबही एकदा प्रार्थनेनंतर घरी येऊन बसले आणि बायबलातल्या, होतं नव्हतं ते देवाला देणाऱ्या विधवेच्या दोन दमड्यांबद्दल बोलले. बोलताना नजर घराच्या जमिनीवरून फिरत होती, कुठं उकरल्यासारखं दिसतंय का म्हणून.

शेवटी दयेनं विषय काढलाच. चूल विझत आली होती आणि ताटात भाकरी अर्धी होती.

“बाजारात हुबं राहून सांगून टाका ना. लाकूड जड हाय म्हनावं, मिटलं.”

“आन् सहादेवानं ऐकलं म्हंजी? बाभूळ वरीसभर भिजवून होडी केली म्हनून?”

“ऐकू द्या की.”

“दये, लोक सोनं म्हनत्यात तवर कुनी हसत तरी न्हाई,” गिदोन म्हणाला आणि उठला.

हे खरंच होतं. त्या वर्षात सहादेवनं त्याला एकदाही बाकडेवाला म्हटलं नव्हतं. उलट रामराम घातला होता.

अठ्ठेचाळीसचा पाऊस सरला, गंगेपलीकडची गडबड मिटली, आणि सोनईचा छगनशेठ भुसारवाला गिदोनच्या दारात आला. बरोबर दोन आडदांड हमाल. शेठला मासे धरायचे होते. संगमापर्यंत. हातात नवी कोरी काठी होती, तिला दोरी होती, दोरीला गळ नव्हता. एका हमालाच्या खांद्यावर पोतं होतं आणि पोत्यातून पहारीचं टोक बाहेर आलं होतं. गिदोननं हे सगळं पाहिलं आणि पाहिलं नाही. वर्षभरात पहिलं गिऱ्हाईक दारात आलं होतं. त्यानं धुतलेली बंडी घातली. दया दारात उभी राहून म्हणाली, नका जाऊ. तो म्हणाला, वल्ही कुठं ठेवलीत?

चौघांच्या वजनानं होडीचा काठ पाण्याला टेकत होता. पहिल्या वळणापर्यंत गिदोननं होडी दमानं आणली. वल्ही उलटी मारून, दात आवळून, खांदे उतरतील इतका जोर लावून तिला मागं धरली. शेठला म्हणाला, शेठ, आता म्होरं डोह हाय, गळ टाका. शेठनं हमालाला खूण केली. हमालानं पहार काढली आणि तळाच्या दोन फळ्यांच्या मध्ये घातली.

गिदोनच्या हातातून वल्ही सुटता सुटता राहिली. आणि जे त्यानं बाजारात सांगितलं नाही, सहादेवला सांगितलं नाही, ते धारेच्या मध्यावर बोलला.

“शेठ, सोनं न्हाई ओ. लाकूडच जड हाय. माझी चूक झाली. बाभूळ लई भिजवली म्या.”

छगनशेठ हसला. कुत्सितपणे नाही, अगदी कौतुकानं हसला.

“मिस्त्री, तुझ्यावानी कारागीर ह्या मुलखात न्हाई. तू असली चूक करशील, हे शेंबडं पोर तरी मानंल का?”

सगळ्या जन्मात गिदोन ज्या शब्दांची वाट बघत होता ते त्याला असे ऐकायला मिळाले, पहार तळात रुतलेली असताना. फळी मजबूत होती, सांधा पक्का होता, म्हणून हमालानं अंगाचा सगळा भार टाकला. फळी आली. तिच्यामागून प्रवरा आली.

माणसं वाचली. मच्छिंद्र आणि त्याचे भाऊबंद काठावर होते, त्यांनी एकेकाला ओढून काढलं. शेठला सगळ्यात शेवटी, कारण तो पहार सोडत नव्हता. पण लाकडाची होडी पाण्यानं भरली तरी उलटीपालटी होऊन तरंगते. ही उन्हाळाभर डोहात राहून आणखी भिजलेली, तरंगली नाही. काठावरच्या सगळ्यांच्या देखत ती दगडासारखी तळाला गेली. झालं. ज्यांना अजून थोडी शंका होती त्यांचीही फिटली.

त्यानंतर गिदोन ज्याला त्याला खरं सांगत सुटला. बाजारात सांगितलं, देवळाच्या पायरीवर सांगितलं. लोक मान डोलवायचे आणि एकमेकांना डोळा मारायचे. शेवटी तो सहादेवच्या कामट्यावर, त्याच्या सुतारकामाच्या जागी गेला. ज्याला बाभळीचं वजन सगळ्यांत जास्त ठाऊक तोच माणूस, त्याला तरी पटेल. हसेल, पण पटेल. सहादेवनं सगळं ऐकून घेतलं, पाणी दिलं आणि म्हणाला, “गिदोनदादा, आपल्यात कशाला आडपडदा? निम्मं निम्मं करू.” पुढच्या उन्हाळ्यात सहादेवचे दोन्ही मुलगे डोहात बुड्या मारत होते. होडी तोवर डोहातल्या गाळात रुतून गेली होती.

गिदोन पुन्हा बाकं करायला लागला, फळे करायला लागला, पेट्या करायला लागला. नदीकडे गेला नाही. भाकरी कधी पाव राहायची, कधी तशीच. पन्नास साल उजाडायच्या आधीच तो गेला. त्याची पेटी आंब्याच्या फळ्यांची होती. मच्छिंद्रनं आणून दिल्या आणि सहादेवनं ठोकल्या. लोक खूप जमले होते. मातीला जाऊन आल्यावर बरेच जण घरी मागं रेंगाळले, दयेचं सांत्वन करत, आणि करता करता त्याची हत्यारांची पेटी दोघातिघांनी उघडून पाहिली. तिच्यात रंधा होता, दोन पटाशा होत्या आणि कप्तानाच्या होडीचा सागवानी तुकडा होता.

दया पुढं पुष्कळ जगली. खुरपणीला तिला कुणी बोलावलं नाही.

डोहात सोनं नव्हतं. होडीतही नव्हतं. गिदोननं बाभूळ वर्षभर पाण्यात ठेवली, पुरती वाळू दिली नाही, आणि तिची होडी केली. ती जड होती.