नानीची लाटलेली भाकरी

मावळातल्या लेकींनो, लेकांनो, एक सांगा... आपल्या गावात डोळ्यांचं शिबिर होतं, गुडघ्यांचं होतं, शुगरचं तर चौकात बॅनर लावून होतं. मग ज्या हातांनी आपल्याला वाढवलं, त्या हातांचं दुखणं कुणालाच दुखणं का वाटत नाही?

उन्हाळ्यात वडिवळ्याला गेले होते, माझ्या धाकट्या चुलतीकडे. तिला आम्ही नानी म्हणतो. दारात चप्पल काढली आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं... आतून भाकरीची थाप ऐकू येत नव्हती.

लहानपणी सुट्टीत त्या थापेनंच जाग यायची. संथ, एकसारखी. डोळे न उघडता आम्ही पोरं ओळखायचो, की आज चुलीपुढं नानी बसलीय. मग अंथरुणातच भूक लागायची.

आत डोकावले, तर नानी भाकरी लाटत होती. लाटण्यानं! लाटून भाकरी करणाऱ्या सुनांची जन्मभर टिंगल करणारी बाई... मला पाहताच तिनं लाटणं परातीखाली सारलं.

"बोटांस्नी मुंग्या येत्यात. हातात पीठ हाय का न्हाई, त्येच कळत न्हाई. वय झालं, दुसरं काय?"

वय झालं! आपल्या बायकांची किती दुखणी या दोन शब्दांनी गिळलीत! म्हशीचा पाय लचकला तर आपण डॉक्टरला गोठ्यात बोलावतो. बाईचा हात मात्र वयाच्या खात्यात टाकून मोकळे होतो...

मी गाडी काढली आणि तिला तळेगावात हाताच्या डॉक्टरकडे नेलं. वाटभर टोमणे. "हाताला येगळा डॉक्टर? उद्या करंगळीला काढतील. आन् तू भाषणं ठोकतीस, म्हनून मला बी कुटं सभेला न्हेती का काय?"

डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी नानीचा तळवा उघडून अंगठ्याखालचा भाग दाबून पाहिला. तिथलं मांस आटून खळगा पडला होता.

"मावशी, मनगटात एक अरुंद बोगदा असतो. आपल्या घाटातल्यासारखाच. बोटांची नस त्यातून जाते. ती दाबली गेलीय."

"म्हंजी बोगद्यात गाडी अडकलीया म्हना की."

"अगदी तसंच. आणि वरून तुम्ही मनगटाला ही कापडाची पट्टी आवळलीय. ती आधी सोडा."

नानीनं हात मागे घेतला.

त्या पट्टीचं असं... आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, पहिल्या दिवशी, भाताच्या चिखलात पाय घालायच्या आधी, आमच्या घरात सासू सुनेच्या मनगटाला आपल्या जुन्या लुगड्याची पट्टी आवळून बांधायची. दिवसभर वाकून रोपं लावताना मनगट भरून येऊ नये म्हणून. माझी आजी, म्हणजे नानीची सासू, गेली तरी नानी दरवर्षी तिच्याच लुगड्याची पट्टी फाडत आली. ही शेवटची होती. हात दुखायला लागल्यापासून तिनं ती काढलीच नव्हती. उलट आणखी आणखी आवळत होती.

"मंग माज्या सासूनं माज्याशी वैर केलं व्हय?" नानीचा आवाज चढला.



"माया केली, मावशी. त्यांच्याजवळ तेवढंच होतं," डॉक्टर म्हणाल्या. "पण नस अशीच दाबलेली राहिली, तर अंगठ्याची उरलेली ताकदही जाईल."

नानीनं मनगट मांडीवर घेतलं. मग म्हणाली, "माजं मी सोडते."

डाव्या हातानं ती गाठ चाचपू लागली. पण त्या बोटांनाही मुंग्या होत्याच. गुंतलेल्या जुडीतून एकेक रोप अलगद वेगळं करणाऱ्या त्या बोटांना गाठ सापडेना... शेवटी तिनं हात माझ्यापुढं धरला.

"सोड गं. हळू. फाटंल ती."

पुढं नसेची तपासणी झाली, उजव्या हाताचं छोटं ऑपरेशन झालं. ताकद किती परत येईल, याचा शब्द डॉक्टरांनी दिला नाही. यंदा चिखलात उतरायचं नाही, हे मात्र बजावून सांगितलं. नानी त्यावर अजून रुसलेली आहे.

परवा तिला भेटायला गेले. भाकरी थापायला अजून मनाई आहे. सून पीठ चाळत होती आणि नानी परातीत नुसती बोटं फिरवत बसली होती. "पीठ कळतंय गं... गार लागतंय."

वर भिंतीला, खुंटीवर, ते लाटणं टांगलेलं. आजीच्या लुगड्याच्या पट्टीनं करकचून बांधलेलं. मी बघतेय हे पाहून नानी हसली. "त्येला आवळलंय आता. हलतंय का बग."

माझ्या माणसांनो, आज घरी गेल्यावर एकच करा. आईचा हात हातात घ्या आणि विचारा, बोटांना मुंग्या येतात का? "वय झालं" असं म्हणाली, तर ऐकू नका... गाडी काढा.