पंचफुलाबाईची हजेरी

मीनू, इकडे ये, जवळ बस वं अशी. समोर नाहीस, तरी आहेस असं समजून लिहिते. वकील झालीस म्हणून आजीचा फोन उचलायचा नाही, असं कोणत्या कायद्यात लिहिलंय? ऐक आता, माझ्या धाकट्या नणंदेचं सांगते. तुझ्या कामाचं आहे.

पंचफुलाबाई पारशिवनीकडच्या खेड्यातून नागपूरला आमच्याकडे आली की चप्पल काढायच्या आधी पेन मागायची. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात वाकडीतिकडी सही करायची, मग पाणी प्यायची. "मी आली होती म्हणून राहू द्या, वहिनी. उद्या तुम्हीच नाही म्हणसान."

ही खोड तिला गावच्या दूध सोसायटीनं लावली. दोन म्हशींचं दूध ती रोज घालायची. वार्षिक सभेचा चहा-पोहाही तिच्याच हातचा. हजेरीचं रजिस्टर खुर्च्यांवरून फिरायचं तेव्हा ही मागे चुलीपाशी. सही करायला गेली की सचिव म्हणायचा, "बाई, आधी चहा येऊ द्या. सही काय पळून राहिली?"

दुधाला फॅट कमी लावून भाव पाडता, हे ती अध्यक्षाला तोंडावर म्हणायची. निवडणूक आली आणि मतदार यादीत तिचं नावच नाही. कारण काय, तर पाच वर्षांत एकाही सभेला हजर नाही. हरकत घेतली, फेटाळली. मग आली हायकोर्टात.

साक्षीला गावातलं कोणी येईना. दर सभेत दोन-दोन कप पिणारा तिचा चुलत दीर म्हणाला, "वहिनी, चहा तुमचाच होता, पण कागदावर मले नका घेऊ." आणि कोर्ट म्हणालं, निवडणूक सुरू झाली, आता यादीला हात लावता येत नाही; झाल्यावर दाद मागा.

वकिलानं हे समजावलं तेव्हा ती माझ्याकडे वळली. "म्हंजे पंगत उठल्यावर जेवाले बसा म्हणते का, वहिनी?"

झाल्यावरही मागितली दाद. तारखा पडत गेल्या, माझी एकामागून एक कॅलेंडरं तिच्या सह्यांनी भरत गेली आणि निवडून आलेल्यांची पाच वर्षं आरामात संपली. अजून आठवलं की माझं डोकं तापतं.

मधल्या एका सभेला मात्र ती नवं लुगडं नेसून गेली. पहिली सही केली आणि पुढच्या खुर्चीत बसली. तासाभरानं अध्यक्ष खाकरला. "पंचफुलाबाई, चहाचं काय?"

"आज मी सभेले आली आहो, गा. तुमच्यातलं कोणी उठा."

कोणी उठलं नाही. सगळी सभा कोरड्या घशानं झाली. हे सांगताना ती माझ्या ओट्याला टेकून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

पुढच्या यादीत नाव आलं. तिनं तिथं बोट ठेवून दोनदा वाचलं. मग निवडणूकच पुढे ढकलली. पुन्हा ढकलली. गेल्या उन्हाळ्यात ती गेली, मत न देताच. आता त्या यादीत नाव आहे आणि माणूस नाही. ती तेवढी दुरुस्ती ते लगेच करतील बघ, त्याला कोर्ट लागणार नाही.

तिची शेवटची सही असलेलं जुनं कॅलेंडर मी काढलेलं नाही. नवं त्याच्याच शेजारी लावलंय आणि पेन दोऱ्यानं खिळ्याला बांधलंय. तू ये लवकर. फोनवर "आहे ना मी, आजी" म्हणतेस, ती हजेरी मी धरत नाही. चहा मी करीन, पण आधी सही.