बयाबाईच्या खोपटावरचा मनाईहुकूम

ज्योतिबा कोर्टात बेलीफ होता. कागद बजावणं हे त्याचं काम आणि चिडणं हा त्याचा स्वभाव. शहात्तरच्या उन्हाळ्यात कवठे महांकाळजवळच्या एका गावाला हेलपाटे घालून त्यानं सायकलीचे टायर झिजवले. नवऱ्याच्या माराला कंटाळलेली बयाबाई भावाच्या रानात खोपट घालून राहत होती. तिच्या नवऱ्यानं, तात्याबानं, तिथं पाऊल टाकू नये असा कोर्टाचा हुकूम होता. पण तो त्याच्या हातात पडेपर्यंत त्याचा उपयोग शून्य. गावात विचारलं की उत्तर एकच, "मेंढरं घिऊन लांब गेलाय. कवा यील, सांगता येत न्हाई."

शेवटी वैतागून ज्योतिबा बयाबाईलाच विचारायला गेला. ती दारात बसली होती, कपाळावर ताजी खोक. आणि आत बाजेवर तात्याबा पसरलेला!

ज्योतिबानं तावातावानं हुकूम वाचून दाखवला. तात्याबानं निवांत अंगठा उठवला, कागद पटक्यात खोचला आणि बायकोला म्हणाला, "आगं, सायब उनातनं आल्यात. च्या टाक."

"बाई, तुमी उठू नका!" ज्योतिबा ओरडला.

तोवर तिनं चूल पेटवली होती.