अलगदमामांनी फोडलेली काच

गाडीच्या काचा बसवणाऱ्या माणसाची पारख करायची असेल तर त्याची बोटं बघावीत. अलगदमामांच्या दहा बोटांवर मिळून एकच वण होता, आणि तोही लहानपणी दारात बोट चेमटल्याचा. काचेचा एकही नाही. एक्केचाळीस वर्षं त्यांनी काचा काढल्या, काचा बसवल्या, पण त्यांच्या हातून एक फुटली नाही. दुकानात फुटक्या यायच्या त्या गिऱ्हाइकांनी फोडून आणलेल्या.

त्यांना नावाने कुणीच हाक मारत नसे. काच उचलताना अलगद, टेकवताना अलगद, रबर ओढताना अलगद, असं दिवसातून पन्नासदा बोलून बोलून तो शब्दच त्यांना चिकटला. घरी बायकोने पातेलं आपटलं तरी आतल्या खोलीतून आवाज यायचा, "अलगद!"

"पातेलं आहे हो," ती म्हणायची, "गाडीची काच नाही."

दुकान लहान, एका गाडीपुरतं. समोर रस्ता, रस्त्यापलीकडे डोळ्यांच्या दवाखान्याचं मोकळं पार्किंग. तिथे एक झाड नाही, पत्र्याचं छप्परही नाही. दुकानातलं टेबल आणि फोन सून सांभाळायची. मामांशी ती सरळ बोलायची, म्हणून मामांचं तिच्याशी पटायचं.

काचांखेरीज मामा गाड्यांना काळसर फिल्म लावून देत. हे काम वाटतं तेवढं सोपं नाही. आतून काच तीनदा धुवायची, साबणाचं पाणी फवारायचं, फिल्म टाकायची आणि रबरी पट्टीने पाणी मधून कडेला रेटायचं. एक बुडबुडा राहिला तर सगळी फिल्म काढून पहिल्यापासून. दुसरे लोक खालचा कोपरा चौकोनी कापतात. मामा तो नखाएवढा गोल कापत, म्हणजे तो सुटत नाही. काम संपलं की हात पुसत ते प्रत्येकाला एकच वाक्य सांगत, "आता उभी करा उन्हात बिनधास्त. आत थंडगार."

बावीस वर्षं ते हे वाक्य बोलत होते. काच अर्ध्या मिलिमीटरने सरकली तर पुन्हा बसवणाऱ्या ह्या माणसाने हे वाक्य मात्र कधी मोजून बघितलं नव्हतं. फिल्म विकणाऱ्याने त्यांना सांगितलं होतं, ते त्यांनी पुढे सांगितलं.

उन्हाळ्याच्या तोंडावर पोस्टमास्तर आपली जुनी निळी गाडी घेऊन आले. निवृत्त, एकटे, स्वभावाने गप्पिष्ट. मागच्या सीटवर तपकिरी कुत्रा, नाकाभोवती पांढरा झालेला. त्याचं नाव पार्सल.

"पोस्टमन होतो तेव्हा वीस वर्षं कुत्री माझ्या मागे लागली," पोस्टमास्तर म्हणाले. "आता मी ह्याच्या मागे असतो. उलट टपाल समजा."

पार्सलने मामांचा हात हुंगला, शिंकला आणि दुकानाच्या सावलीत जाऊन पसरला. मामांनी दोन तास खपून चारही दारांना आणि मागच्या काचेला फिल्म लावली. मग हात पुसले आणि ते वाक्य सांगितलं.

"म्हणजे हा आत बसला तरी चालेल?"

"बिनधास्त."

त्यानंतर चार आठवडे गेले. ऊन चढलं. रस्त्याचं डांबर चपलेला चिकटायला लागलं. अशाच एका दुपारी, दीडच्या सुमाराला, मामा डबा खाऊन हात धूत होते तेव्हा सून दारातून म्हणाली, "बाबा, पलीकडे बघा जरा. कुणीतरी दगडाने काच बडवतंय."

मामांना पहिला राग आला तो बडवण्याच्या पद्धतीचा. एक आडदांड माणूस निळ्या गाडीच्या पुढच्या काचेवर दगड घालत होता. भोवती सात-आठ जण. काच पांढरी पडली होती, तिच्यावर कोळ्याचं जाळं उमटलं होतं, पण भोक पडत नव्हतं. पडणारही नव्हतं. पुढची काच म्हणजे दोन काचा आणि मध्ये चिकट पापुद्रा. तिच्यावर दगड घालणं म्हणजे गादीवर बुक्के मारणं.

"थांबा!" मामा रस्ता ओलांडत ओरडले. "ती नाही फुटायची. काय झालंय?"

"आत कुत्रा आहे," दवाखान्याचा पहारेकरी म्हणाला. "मघाशी भुंकत होता. आता आवाज नाही. मी आत तीनदा गाडीचा नंबर पुकारला, कुणी येतच नाही."

"किती वेळ झाला?"

"मी जेवायला गेलो तेव्हा गाडी इथेच होती. पाऊण तास तरी."

मामांनी दाराच्या काचेला दोन्ही तळवे लावून आत डोकावलं. तळवे भाजले. तेव्हाच त्यांना काचेचा खालचा कोपरा दिसला. नखाएवढा गोल कापलेला.

फिल्म त्यांच्याच हातची होती.

आत, चालकाच्या सीटमागे, खाली पायांच्या जागेत पार्सल आडवा पडला होता. जीभ बाहेर, तोंडाभोवती लाळेचा फेस, छाती भात्यासारखी भरभर हलत होती. काच दोन बोटं खाली सोडलेली होती. त्या फटीतून भट्टीचं झाकण उचलावं तशी हवा बाहेर येत होती.

"मी काढतो," मामा म्हणाले आणि दुकानाकडे धावले. सत्तरीला टेकलेल्या माणसाने असं धावू नये, पण धावले. हत्यारांची पेटी घेऊन परत आले आणि गाडीच्या मागच्या छोट्या तिकोनी काचेपाशी गुडघ्यावर बसले. ती रबरात बसवलेली असते. रबराची कड उचलायची, पट्टी सोडवायची, काच अख्खी बाहेर काढायची, हात घालून दाराची कडी उघडायची. मामांना ह्या कामाला सहा मिनिटं लागत. दुसऱ्याला पंधरा.

त्यांनी रबराखाली पातं सारलं. अलगद. रबर जुनं होतं, उन्हाने मऊ झालं होतं, पात्याला चिकटत होतं. एक वीत सुटलं. दुसरी वीत सुटेना.

"अहो मामा, फोडा ना!" आडदांड माणूस म्हणाला.

"मध्ये बोलू नका."

तेवढ्यात सून फोन कानाला लावूनच आली. गुरांच्या डॉक्टरीणबाईंना तिने आधीच गाठलं होतं. तिने आत बघितलं, मग सासऱ्यांच्या हाताकडे बघितलं.

"बाबा, काय करताय?"

"काच काढतोय."

"कुणासाठी?"

मामांचा हात थांबला. आत पार्सलने मान उचलायचा प्रयत्न केला. ती अर्ध्यावर आली आणि खाली पडली.

"काच आहे ती, बाबा," सून म्हणाली. "काच आहे. हजार बसवल्यात तुम्ही."

दोन मिनिटं गेली होती. अख्खी काढायची सवय होती म्हणून गेली. ह्या दोन मिनिटांबद्दल मामांनी पुढे स्वतःला कधी सूट दिली नाही.

ते उठले. पेटीतून पंच काढला, म्हणजे पत्र्यावर खूण करायची टोकदार पोलादी कांडी, आणि हातोडी. कुत्रा उजवीकडे मागे होता, म्हणून ते डावीकडच्या पुढच्या दाराशी गेले. दाराची काच मधोमध मारली तर हात दुखतो, काच हसते. तिचा जीव कोपऱ्यात असतो. त्यांनी पंच खालच्या कोपऱ्यावर टेकवला, बरोब्बर त्या गोल कापाच्या वर.

"मागे सरका सगळे. डोळे सांभाळा."

एकच घाव. अलगद नव्हे.

काचेच्या सर्वांगातून सरसर आवाज गेला आणि ती एका क्षणात पांढरीशुभ्र झाली, लाखभर खड्यांची. पण खाली पडली नाही. मामांच्याच फिल्मने तिला धरून ठेवलं होतं. बावीस वर्षांत त्यांनी लावलेली फिल्म कधी सुटली नव्हती, ही तरी कशी सुटणार? त्यांनी पात्याने कडेकडेने फिल्म कापली, वरची कड दोन्ही हातांनी धरली आणि सगळी काच गोधडीसारखी बाहेर ओढून जमिनीवर टाकली. आत पाच-सहा खडे पडले असतील. मामांनी हात घातला, आधी पुढची आणि मग मागची कडी वर केली.

"उचला!"

आडदांड माणूस तयारच होता. त्याने पार्सलला लहान मुलासारखं उचललं आणि रस्ता ओलांडून दुकानाच्या सावलीत, गार फरशीवर ठेवलं. दगड मारण्यात वाया गेलेली त्याची ताकद आता कामाला आली.

कुणीतरी बर्फाची पिशवी घेऊन धावत आलं.

"बर्फ नको," मामा म्हणाले. "तापलेल्या काचेवर कुणी बर्फाचं पाणी ओततं का?"

"बाई पण तेच म्हणतायत," सून फोनवर ऐकत म्हणाली. "नळाचं पाणी. पोटावर, काखेत, पायांवर. आणि वारा घाला. तोंडात जबरदस्तीने पाणी ओतू नका. आधी थंड करा, मग लगेच घेऊन या म्हणतायत."

मामांनी गाड्या धुवायची नळी सोडली. पहिलं गरम पाणी रस्त्यावर जाऊ दिलं, गार आल्यावर पार्सलच्या पोटावर धरली. सुनेने टेबलावरचा पंखा वायर ओढून फरशीवर आणला. पहारेकरी पुठ्ठ्याने वारा घालत होता. पाण्याचा आणि धापेचा तेवढा आवाज.

सात मिनिटांनी धाप थोडी उतरली. नवव्या मिनिटाला पार्सलने डोळा उघडला, नळीकडे बघितलं आणि शिंकला.

आठ माणसं एकदम ओरडली. समोरच्या दवाखान्याच्या खिडकीत परिचारिका आल्या, काय झालं म्हणून.

त्याच वेळी दवाखान्याच्या दारातून पोस्टमास्तर आले, भिंत चाचपत, डोळ्यांवर काळा चष्मा. डोळ्यांत थेंब घालून त्यांना अंधाऱ्या खोलीत बसवलं होतं. दहा मिनिटांचं काम म्हणून गेले आणि तिथेच अडकले. बाहेरचा पुकारा तिथे पोचत नव्हता. पहारेकऱ्याने त्यांना हाताला धरून आणलं. ते फरशीवर बसले आणि ओल्या कुत्र्यावर हात ठेवला. नीट दिसत नव्हतं, म्हणून हातानेच बघत राहिले. कान, नाक, छाती.

"तुम्ही म्हणाला होतात," ते हळू आवाजात म्हणाले. "आत थंडगार राहतं."

"म्हणालो होतो," मामा म्हणाले.

सुनेने दुकानाची गाडी काढली. ओला पार्सल, मास्तर आणि नळीने भिजलेले मामा मागे बसले, सगळ्या खिडक्या उघड्या. डॉक्टरीणबाईंनी सलाईन लावलं, ताप मोजला, रात्रभर ठेवून घेते म्हणाल्या. "आणखी दहा मिनिटं आत असता तर मला फोन करायची गरज नव्हती," त्यांनी सांगितलं. मामांना त्यातली दोन मिनिटं आपली वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. पार्सल उठला होता, पाणी प्यायला होता, आणि डॉक्टरीणबाईंचा रबरी हातमोजा घेऊन टेबलाखाली पळाला होता.

"आता खूश?" सुनेने विचारलं.

"अजून काम आहे," मामा म्हणाले.

त्यांनी भिंतीवरचा तापमापक उतरवला. दुकानाची गाडी भर दुपारी समोरच्या पार्किंगमध्ये उभी केली. तिला मामांच्याच हातची फिल्म होती. सीटवर तापमापक ठेवला, काचा दोन बोटं खाली सोडल्या, दारं लावली. बाहेर चौतीस अंश. मामा घड्याळ घेऊन उन्हात उभे राहिले. दहा मिनिटांनी बेचाळीस. वीस मिनिटांनी शेहेचाळीस. पस्तिसाव्या मिनिटाला पारा पन्नासावर टेकला. पुढे पट्टीच संपली.

त्या संध्याकाळी त्यांनी गाडीची सगळी फिल्म खरवडून काढली. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, तसंच ऊन असताना, पुन्हा मोजलं. फिल्मविना वीस मिनिटांनी एकोणपन्नास.

"तीन अंश," मामा सुनेला म्हणाले. "तेवढ्यासाठी मी बावीस वर्षं थंडगार म्हणत होतो."

खडू घेऊन त्यांनी दोन्ही दिवसांचे आकडे दुकानाबाहेरच्या फळ्यावर लिहिले. अक्षर गिचमिड होतं, ते पुसून पुन्हा लिहिलं. खाली ओळ घातली: काच दोन बोटं उघडी ठेवून गाडी थंड राहत नाही. फिल्मनेही राहत नाही. कुत्रा बरोबर न्या, नाहीतर घरी ठेवा.

"बाबा, फिल्म कोण लावून घेणार आता?"

"ज्याला डोळ्यांवरचं ऊन कमी करायचंय तो. खरं सांगून जेवढी लागेल तेवढी लावू."

लागली. थोडी कमी, पण लागली. गिऱ्हाइकं फळा वाचायची, खोटं वाटलं तर मामा त्यांच्याच गाडीत तापमापक ठेवायचे. दहा मिनिटांत सगळ्यांना पटायचं. पहारेकऱ्याने आपण होऊन दवाखान्याच्या दाराशी सावलीत कुत्री बांधायला दोन कड्या ठोकल्या, शेजारी पाण्याची घमेली ठेवली, आणि पार्किंगमधल्या प्रत्येक गाडीत वाकून बघायला लागला. मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, हे कुणी सांगितलं? तो म्हणाला, "समोरच्या काचवाल्या मामांनी. तुम्ही बोला त्यांच्याशी." डॉक्टर बोलायला आले नाहीत. कड्या राहिल्या.

पंधरा दिवसांनी पोस्टमास्तर निळी गाडी घेऊन आले. पुढची काच आणि डाव्या दाराची, दोन्ही बसवायच्या होत्या, आणि अर्धवट सुटलेलं तिकोनी काचेचं रबरही. मास्तर उतरले, मागचं दार उघडलं, पार्सलला खाली घेतलं. ते बोलायच्या आधी मामांनी त्यांना फळ्यापाशी नेलं आणि उभं राहून आकडे वाचून दाखवले, एकेक करून. मास्तरांनी सगळं ऐकलं.

"ह्याला टपालखात्यात चूक दुरुस्ती म्हणतात," ते म्हणाले. "पोचली."

पार्सल फरशीवरच्या जुन्या जागी पसरला.

मामांनी आधी दाराची काच घेतली. कडा पुसल्या, खाचेतले जुने खडे चिमट्याने एकेक वेचून काढले. नवी काच दोन्ही तळव्यांवर उचलली, खाचेत उतरवली. वर-खाली फिरवून बघितली. आवाज नाही, डगडग नाही.

"बाबा," सून आतून म्हणाली, "त्या दिवशीचा दगडवाला आलाय. त्याच्या भावाच्या गाडीची काच फुटलीये. हसत विचारतोय, एक्केचाळीस वर्षांत एकही न फोडणारे मामा तेच का?"

"सांग, एक फोडलीये," मामा म्हणाले. "एका घावात."

मग त्यांनी पुढच्या काचेला हात घातला, आणि मास्तरांना दुसरी बाजू धरायला सांगितली.

"अलगद," ते म्हणाले.