भज्याची बढती

लातूरच्या सत्तारभाई घड्याळजींनी उभ्या आयुष्यात एकही प्राणी बिघडवला नाही.

हे एक वाक्य लिहायला मला अठरा वर्षं लागली. (मी गणिताचा मास्तर, मराठीला वेळ लागतो, अशी सबब तयार ठेवली होती. ती खोटी आहे.) आमच्याकडे लग्नात, बारशात, एकदा तर तेराव्याच्या पंगतीत सुद्धा हा किस्सा रंगवून सांगितला गेलाय, की सत्तारभाईंनी रेवतीच्या भज्याचं कसं वाटोळं केलं. सगळे हसतात. सगळ्यांत मोठ्यानं मी हसतो. आता सत्तारभाई राहिले नाहीत आणि मीही ऐंशीला टेकलोय. तेव्हा जे झालं ते सांगून टाकतो.

रेवती माझी नात, मुलीची मुलगी. राहणार भोकर. दहावीला तिला चांगले मार्क पडले आणि तिच्या आईबापांनी त्या काळात सगळा मराठवाडा जे करत होता तेच केलं : पोरगी उचलली आणि लातूरला आणून ठेवली. भूकंपाला तेव्हा बारा-तेरा वर्षं झाली होती. त्या भीतीत आम्ही अंगणात पत्र्याची खोली उभारली होती, घर हललं तर पळून जाऊन झोपायला. रेवती घरात आमच्यापाशी; त्या खोलीत आता चार कॉट होते आणि चार कॉटवर भाड्यानं राहणाऱ्या चार होणाऱ्या डॉक्टरणी. आमच्या सगळ्या गल्लीलाच वाढायचं खूळ लागलं होतं. कोपऱ्यावर एक छान शिकवणी होती; ओट्यावर सतरंजी, समोर फळा. तिची वर्षभरात चार मजली अकॅडमी झाली. आत फळा तोच. फक्त बाहेरून निळी काच आणि दारात कुणीही कधी न बसलेला सोफा!

पण मी सांगत होतो भज्याबद्दल.

रेवतीच्या सामानात तळहाताएवढं खेळाचं यंत्र निघालं. तिच्या काकानं सिंगापूरहून आणलेलं. त्यात रानोमाळ हिंडायचं, चित्रविचित्र प्राणी पकडायचे, पाळायचे आणि दुसऱ्याच्या प्राण्यांशी लढवायचे. जिंकत गेलं की प्राण्याची पातळी चढते. ठरावीक पातळी आली की तो अंग चमकवतो आणि दुसऱ्याच मोठ्या प्राण्यात बदलतो. जावयांनी ते यंत्र दोन्ही हातांनी माझ्या स्वाधीन केलं.

"मामा, हे तुमच्या कपाटात. रविवारी अर्धा तास द्या. जास्त न्हाई."

मी त्या यंत्राकडे कॉपीच्या चिठ्ठीकडे पाहावं तसं पाहिलं, कपाटात टाकलं आणि किल्ली बनियनच्या खिशात ठेवली. वर या असल्या खेळांनी पिढी कशी बरबाद होते यावर वीस मिनिटं बोललो. (हे भाषण पुढे फार उपयोगी पडलं.)

पहिल्या रविवारी घड्याळ लावून मी रेवतीच्या शेजारी बसलो. तिनं पडद्यावर एक गोळा दाखवला. पिवळा, लिंबाएवढा, दोन इवले कान. लढाई जिंकली की कोलांटी मारायचा आणि मग त्याला उचकी लागायची.

"आजोबा, हा भज्या. सातवीपासून हाय माझ्याकडं. नाव मीच ठेवलं."

"पातळी तर छप्पन दिसायलीय. मग एवढासाच कसा?"

"मी त्याला बदलू देत न्हाई. चमकायला लागला की हे बटन दाबायचं. रद्द होतं."

"का पण?"

"मोठं झालं की वाटोळं होतं, आजोबा! ही मेंढी बघा. किती गोड होती. वाढली आणि तिचा झाला सोफा. चक्क हात असलेला सोफा! आणि ही घूस. दोन महिने राबले हिच्यासाठी. वाढून काय झाली माहितेय? तीच घूस, टोपी घालून!"

मी पाहिलं. खरंच टोपी होती. बाकी एक केस बदलला नव्हता.

"भज्याचं काय होतं?"

"ते मला बघायचंच न्हाई," रेवती म्हणाली आणि यंत्र माझ्या हातात ठेवून पुस्तक उघडून बसली. अर्धा तास संपायला चार मिनिटं बाकी होती. इतकी शहाणी पोरगी.

सोमवारी दुपारी ती क्लासला गेल्यावर मी कपाट उघडलं. केवळ शत्रूचा अभ्यास म्हणून. मंगळवारी अभ्यास अपुरा वाटला. त्या आठवड्यात माझी दुपारची झोप सुटली, पुढच्या आठवड्यात पेपर वाचणं सुटलं.

"आत दार लावून काय करायलात?" बाहेरून आमच्या हिनं विचारलं.

"उत्तरपत्रिका तपासायलोय."

"रिटायर होऊन चार वर्षं झाली की!"

"जुन्या राहिल्या होत्या."

भज्याशी माझी ओळख वाढली तसा मला त्याचा राग येऊ लागला. छप्पन पातळी! त्याच्यासोबतचे सगळे मोठे होऊन गेले आणि हा अजून बालवाडीत उचक्या देतोय. छत्तीस वर्षांच्या नोकरीत मी एकाही पोराला पास झाल्यावर त्याच वर्गात बसवलं नव्हतं. पोरगी लाडानं लेकराचं नुकसान करायलीय, असं माझ्यातल्या मास्तरला वाटलं. मग मी भज्याला जादा तास सुरू केले.

हसू नका. लातुरात ज्या पद्धतीनं पोरं घडवतात त्याच पद्धतीनं मी त्याला घडवलं. एकच विरोधी प्राणी पुन्हा पुन्हा दोनशे वेळा. चूक झाली की परत पहिल्यापासून. कोलांटी मारत बसला की मी बटन दाबून पुढे ढकलायचो. वेळ घालवायचा नाही! रेवतीची चाचणी परीक्षा होती, दोन रविवार तिनं यंत्र मागितलंच नाही; पंधरा दिवसांत भज्या साठीला पोचला. एका दुपारी लढाई संपली आणि तो चमकायला लागला.

माझा अंगठा रद्दच्या बटनावर होता. मी तो उचलला.

उजेड पडला, पिपाणी वाजली आणि पडद्यावर जे उभं राहिलं ते पाहून मला घाम फुटला. सात फुटी धूड. मान नाही. भुवया चार. छातीवर कशासाठी तरी एक पत्रा, शेपटीला कशासाठी तरी एक हातोडा आणि कमरेला चामडी पट्टा. आता मला सांगा, ज्याला पँटच नाही त्याला पट्टा कशाला? चेहरा तर असा, की कचेरीत तुमचा अर्ज हातात घेऊन हा 'उद्या या' म्हणणार. कोलांटी गेली. उचकी गेली. लढाई जिंकल्यावर तो नुसता हाताची घडी घालून उभा राहायचा. आणि खाली नाव तेच : भज्या!

हे प्राणी काढणाऱ्या माणसांबद्दल माझं मत तेव्हा बनलं ते आजही कायम आहे. पहिला प्राणी ते जीव लावून काढतात, दुसरा पगारासाठी काढतात आणि तिसरा जेवणाची सुट्टी व्हायला पाच मिनिटं असताना.

यंत्रानं विचारलं, झालेल्या कामाची नोंद ठेवायची का? जन्मभर हजेरीपट भरलेला माणूस मी. हात आपोआप 'हो' वर गेला. नोंद झाली. मग डोक्यात प्रकाश पडला आणि मी रद्दचं बटन दाबलं. परत दाबलं. अंगठ्यानं दाबलं, पेन्सिलीच्या टोकानं दाबलं, शेवटी कंपासपेटीतल्या कर्कटकानं दाबलं. बटन आत गेलं आणि आतच राहिलं.

शनिवार होता. मी छत्रीत यंत्र लपवून सत्तारभाईंकडे धावलो. (पाऊस नव्हता. लोक वळून बघत होते.)

सत्तारभाईंचं दुकान म्हणजे बाजारातल्या एका जिन्याखालचा कोनाडा. त्यांच्या वडिलांनी निजामाच्या अधिकाऱ्यांची घड्याळं दुरुस्त केलेली. भूकंपात भिंतीवरून पडलेली निम्म्या गावाची घड्याळं सत्तारभाईंनी डोळ्याला भिंग लावून एकेक करून चालू केली होती. 'या टेबलावरून चीज बिघडून गेली न्हाई, सर,' हे त्यांचं आवडतं वाक्य. आणि ते खरं होतं. क्लासची पोरं पहाटे चारला उठायची, त्या सगळ्या गजरांचे डॉक्टर सत्तारभाईच.

"हौ सर, बटन निकलेगा," ते म्हणाले. "मगर हे घड्याळ न्हाई. बिघडलं तर?"

"बिघडायचं ते बिघडून झालंय," मी म्हणणार होतो. म्हणालो, "तुमच्या हातानं कसं बिघडेल!"

संध्याकाळी बटन नीट झालं, आणि घरी दारातच हिनं छत्रीत डोकावलं तेव्हा 'बटन अडकलं होतं, सत्तारभाईंनी काढून दिलं,' एवढं सांगितलं. प्राण्याचं काय झालंय हे दोघांनाही सांगायला मी विसरलो नव्हतो. सांगितलं नाही.

रविवारी सकाळी रेवतीनं यंत्र लावलं आणि अशी किंचाळली, की पत्र्याच्या खोलीतल्या चारही डॉक्टरणी भूकंप समजून अंगणात आल्या!

"माझा भज्या! कुणी केलं हे? आजोबा, कपाटाची किल्ली कुणाकडं होती?"

"माझ्याकडं," मी म्हणालो. आता सांगायचंच, असं मी ठरवलं. देवाशपथ ठरवलं होतं.

"ह्यांचं काय विचारतीस?" ही मध्येच म्हणाली. "ह्यांना त्या डब्याचा वास खपत न्हाई. काल सत्तारभाईंकडं दिलं होतं न्हवं?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"हाव," मी म्हणालो.

एवढंच बोललो. उरलेलं सगळं त्यांनीच जुळवलं : सत्तारभाईंनी बटन तपासायला खेळून पाहिलं असणार, आणि रद्द करायचं त्यांना माहीत नसणार. मी फक्त मधून मधून उसासे टाकले. रेवती रडत निघाली ती थेट सत्तारभाईंच्या दुकानात. मी मागे. माझ्या मागे चार डॉक्टरणी.

"चाचा, तुम्ही ह्याला मोठं कशाला केलं?"

सत्तारभाईंनी भिंग काढलं. पडद्यावरच्या त्या पट्टेवाल्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी वर टांगलेल्या घड्याळांत वेळ बघू लागलो. (अकरा घड्याळं, अकराही एकच वेळ दाखवत होती. काय माणूस होता!)

"बेटा, मी बटन दाबून देखलं. दहाबारा दफा. बस्स तेवढंच."

"तेवढ्यानंच झालं असंल, चाचा."

"हौ?" त्यांनी भिंग टेबलावर ठेवलं. मग म्हणाले, "मग माझ्याच हातानं झालं. रडू नक्को, बेटा. माफ कर मला."

साठीचा माणूस सोळा वर्षांच्या पोरीची माफी मागत होता, आणि ती ज्यानं मागायची तो शेजारी उभा राहून घड्याळं मोजत होता.

रेवतीनं माफ केलं. लातूरनं केलं नाही. चार डॉक्टरणींनी बातमी चार क्लासला नेली, तिथून ती सगळ्या वसतिगृहांत पोचली : घड्याळजी चाचा दुरुस्तीला दिलेल्या वस्तूंशी खेळतात. महिनाभरानं मी दुकानावरून गेलो, तर एक पोरगी गजराचं घड्याळ पुढे करून उभी होती आणि सत्तारभाई हात मागे बांधून मान हलवत होते.

"बच्चों का सामान नक्को. दुसरीकडं जा बेटा."

"का हो?" मी विचारलं.

"हात बिघडला सर माझा," ते म्हणाले. "लेकरं रडतात."

मी त्याच क्षणी सांगायला हवं होतं. मी मनगटावरचं घड्याळ काढून दिलं आणि म्हणालो, "हे जरा मागं पडायलंय." ते अजिबात मागं पडत नव्हतं. पुढे माफी मागायला मी जेव्हा जेव्हा गेलो तेव्हा काहीतरी दुरुस्तीला नेलं, म्हणजे बोलायला विषय राहील. विषय तेवढाच राहिला. आमच्या घरातलं एकूण एक घड्याळ, शेजाऱ्यांची दोन आणि मुरुडच्या मेव्हण्याचं एक, एवढी धडधाकट घड्याळं मी सत्तारभाईंकडून दुरुस्त करून आणली. ते प्रत्येक वेळी उघडून बघायचे आणि म्हणायचे, "सर, ह्याला काय झालं न्हाई की!"

रेवती डॉक्टर झाली. नांदेडला असते. भज्याचं यंत्र तिनं त्याच महिन्यात कुणाला तरी देऊन टाकलं होतं. किस्सा मात्र ठेवला.

अखेर एका दिवाळीत तो किस्सा पुन्हा रंगला आणि त्यानंतर मी हिला सगळं खरं सांगून टाकलं. हिनं हातातलं ताट खाली ठेवलं. मग म्हणाली, "आणि मी म्हणाले ह्यांना वास खपत न्हाई! उठा. आत्ता जा. घड्याळ न्यायचं न्हाई."

मी रिकाम्या हातानं सत्तारभाईंच्या घरी गेलो. दुकान बंद होऊन वर्ष झालं होतं. ते खाटेवर बसले होते. मी वाक्य पाठ करून गेलो होतो, 'सत्तारभाई, तो प्राणी मी बिघडवला, मला माफ करा.' आठ शब्द. रस्त्यात वीस वेळा म्हणून पाहिलं होतं.

"सत्तारभाई," मी सुरुवात केली, "तो प्राणी..."

"मालूम है सर," त्यांनी मला थांबवलं. त्यांचे डोळे भरून आले. "मी पण तेच रोज याद करतो. तुम्ही भरोशानं दिलं आणि मी लेकराची चीज बिघडवली. तुम्ही तरी कधी एक लफ्ज बोलला न्हाई. उलट घड्याळं आणत राहिला. मला माफ केलं का, सर?"

ते माझ्याकडे बघत होते. आठच्या आठ शब्द माझ्या तोंडात तयार होते.

"केलं," मी म्हणालो. "कधीच केलं."

"शुक्रिया सर," ते म्हणाले. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि कितीतरी वेळ सोडला नाही. त्या हिवाळ्यात ते गेले.

त्या दिवशी घरी आलो तेव्हा ही दारातच उभी होती.

"बोललात का त्यांच्याशी?"

"बोललो."

"मग? काय म्हणाले?"

"शुक्रिया म्हणाले," मी सांगितलं. आणि त्या सगळ्या दिवसात मी खरं बोललो ते एवढंच.